आकडा शेवटी वाचा: मेंदूलहरी पाहून भूल देण्याची पद्धत

ऑपरेशन टेबलावर आपण रुग्णाचे हृदयाचे ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, तापमान, स्नायूंची ताकद असं जवळजवळ सगळं मोजतो. भुलीची औषधं ज्या अवयवासाठी देतो त्या मेंदूवर मात्र अनेकदा काहीच लावलेलं नसतं. नाडी वाढली की भूल हलकी झाली, प्रेशर पडलं की खोल गेली, असा अंदाज बांधायची सवय आपल्याला पहिल्या वर्षापासून लागते. पण बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) घेणाऱ्याची नाडी भूल हलकी असतानाही वाढेलच असं नाही, आणि रक्तस्राव होणाऱ्याचं प्रेशर तो अर्धवट जागा असला तरी पडतं. मेंदूलहरी टिपणारी, कपाळावर लावलेली एक पट्टी हा आडवळणाचा अंदाज बराच कमी करते. अट एवढीच, की ती वाचता आली पाहिजे.

हा लेख मुख्यतः भूलशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि थिएटरमध्ये काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं साधं आहे. मॉनिटरच्या कोपऱ्यातला, भुलीची खोली दाखवणारा मोठा आकडा सगळ्यात शेवटी पाहायचा. आधी कच्ची लहर, मग स्पेक्ट्रोग्राम (लहरींचा रंगीत आलेख), मग बाकीचे आकडे. हा क्रम हाताला लागला की यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, काम अडत नाही.

पट्टी नेमकं काय मोजते

हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूलहरींबद्दलचा, म्हणजे ईईजीबद्दलचा, पहिला शोधनिबंध १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. भुलीच्या औषधांनी या लहरी बदलतात आणि त्यावरून भुलीची खोली कळू शकेल, हे १९३७ मध्येच गिब्ज आणि सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं. तरी कपाळावर चिकटवायची तयार पट्टी आणि ० ते १०० चा आकडा देणारं बिस मॉनिटर बाजारात यायला १९९० चं दशक उजाडलं.

कपाळावरच्या इलेक्ट्रोडना मिळणारा संकेत काही दहा मायक्रोव्होल्टचा असतो. ईसीजीचा संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा, म्हणजे कित्येक पटींनी मोठा. एवढ्या नाजूक संकेतात कपाळाचा स्नायू, पापणीची हालचाल, कॉटरी (विजेने कापण्याचं-जाळण्याचं उपकरण), वॉर्मर (रुग्णाला ऊब देणारं यंत्र), विजेच्या तारा हे सगळे मिसळतात. म्हणून पुढे पट्टी लावण्यावर इतकं लिहिलं आहे.

लहरींची विभागणी वेगावरून होते. सेकंदाला एकापेक्षा कमी आवर्तनं असलेली ती संथ लहर, १ ते ४ हर्ट्झ डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १२ अल्फा, १३ ते २५ च्या आसपास बीटा आणि त्यापुढे गॅमा. हे आकडे पाठ हवेतच, कारण पुढचं सगळं याच भाषेत आहे.

कोणाला लावायचं

शक्य असेल तर जनरल ॲनेस्थेशिया घेणाऱ्या प्रत्येकाला लावावं, असं माझं मत आहे. पट्ट्या मोजक्या असतील तर प्राधान्य ठरवावं लागतं. सगळ्यात आधी नंबर लागतो तो शिरेतून भूल आणि सोबत मसल रिलॅक्संट (स्नायू लुळे करणारं औषध) दिलेल्या रुग्णाचा. गॅसची भूल असेल तर श्वासातून बाहेर येणाऱ्या गॅसचं प्रमाण पडद्यावर दिसतं, त्यामुळे औषध पोचतंय याचा पुरावा समोर असतो. प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या औषधासाठी थिएटरमध्ये असं मोजमाप सहसा नसतं. पंप 'चालू' दाखवत असतो आणि सुई शिरेबाहेर गेलेली असते, असं होऊ शकतं. त्यातच रुग्ण हलू शकत नसेल तर तो जागा आहे हे सांगायला त्याच्याकडे काहीच साधन उरत नाही. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञ संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नेमक्या याच जोडीसाठी ईईजी मॉनिटरची शिफारस केली आहे.

त्यानंतर साठीच्या पुढचे रुग्ण, पूर्वी भुलीत जाग आलेले, भूल देऊन करायचं सिझेरियन, मोठा अपघात, हृदयशस्त्रक्रिया आणि ज्यांचं प्रेशर नेहमीचा डोस सहन करणार नाही असे सगळे.

भुलीत जाग येण्याचा हा धोका किती खरा आहे? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या 'नॅप ५' या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१४ मध्ये आला. रुग्णांनी आपणहून सांगितलेल्या जागेपणाच्या घटना साधारण १९,००० भुलींमागे एक होत्या. रिलॅक्संट वापरलं असेल तर हे प्रमाण ८,००० मागे एक, वापरलं नसेल तर सुमारे १,३६,००० मागे एक, आणि सिझेरियनमध्ये सुमारे ६७० मागे एक. हे झालं आपणहून सांगणाऱ्यांचं प्रमाण. ऑपरेशननंतर ठरावीक प्रश्न मुद्दाम विचारले की ते हजारात एक-दोनपर्यंत जातं. याच पाहणीत दिसलं की बहुतेक घटना भूल चढताना आणि उतरताना घडतात. म्हणून पट्टी भूल देण्याआधी लावायची आणि रुग्ण डोळे उघडेपर्यंत काढायची नाही.

पहिली पायरी: पट्टी लावणं

हे काम घाईत उरकलं तर पुढचे तीन तास खोटे आकडे बघण्यात जातात. कपाळावर तेल, क्रीम, घाम असतोच. स्पिरिटच्या बोळ्याने जरा जोर लावून पुसा, मग कोरड्या गॉजने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर पट्टी धरत नाही.

चार इलेक्ट्रोडच्या बिस पट्टीत पहिला गोल कपाळाच्या मध्यावर, नाकाच्या मुळापासून साधारण पाच सेंटिमीटर वर येतो. चौथा भुवईच्या लगेच वर, भुवईला समांतर. तिसरा कानशिलावर, डोळ्याचा कोपरा आणि केसांची रेघ यांच्या मधोमध. दुसरा आपोआप जागेवर येतो. आधी पट्टीच्या कडा दाबा, म्हणजे जेल बाहेर पसरणार नाही. मग प्रत्येक गोल बोटाने पाच सेकंद दाबून धरा. मॉनिटर प्रत्येक इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) तपासतो. एखादा नापास झाला तर तोच पुन्हा दाबा; तरीही होत नसेल तर पट्टी उचलून त्वचा परत पुसा.

डोक्याच्या शस्त्रक्रियेत सर्जनशी आधी बोलून जागा ठरवावी. पोटावर झोपवायचं असेल तर पट्टीचा कनेक्टर कपाळ आणि हेडरेस्टच्या मध्ये येता कामा नये, नाहीतर दोन तासांत कातडीवर वळ उठतो. गरम हवेचा वॉर्मर डोक्याजवळ असेल तर त्याची हवा तारेवर येणार नाही असं बघा, कारण त्याच्या कंपनाने आकडा वर जाऊ शकतो.

दुसरी पायरी: जागेपणीची नोंद

भूल देण्याआधी अर्धा मिनिट तरी लहर पाहा. रुग्णाला डोळे मिटायला सांगा, मग उघडायला सांगा. पापणी लवली की पडद्यावर मोठा संथ उंचवटा येतो. त्याला डेल्टा समजू नका. जागेपणी लहर बारीक, जलद आणि अनियमित असते, आकडा नव्वदीच्या पुढे.

या अर्ध्या मिनिटाचा उपयोग पुढे होतो. काही निरोगी माणसांचा ईईजी मुळातच कमी उंचीचा असतो आणि त्यांना जागेपणीच कमी आकडा दिसू शकतो. डिमेन्शिया, जुना पक्षाघात, झटक्यांची औषधं यांनीही मूळ चित्र बदलतं. हे आधी पाहिलेलं नसेल तर नंतर दिसणारी मंद लहर भुलीची की आजाराची, हे ठरवता येत नाही.

तिसरी पायरी: भूल चढताना

प्रोपोफॉल हळू दिलं तर बदलांचा क्रम डोळ्यांदेखत उलगडतो. आधी थोडा वेळ बीटा वाढतो. रुग्ण बडबडतो किंवा नुसताच गुंगतो. मग वेग कमी होत जातो, लहरींची उंची वाढते आणि सावकाश वरखाली होणाऱ्या मोठ्या लाटेवर बारीक, नियमित अल्फाचे दाते बसलेले दिसतात. हेच ते चित्र, ज्यावर भूल टिकवायची असते. जागेपणी डोळे मिटल्यावर अल्फा डोक्याच्या मागच्या भागात असतो, प्रोपोफॉलमध्ये तो कपाळाकडे सरकतो. थॅलॅमस (मेंदूच्या आतलं केंद्र) आणि कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) यांच्यातलं वर्तुळ या तालात अडकतं, म्हणून दोघांमधला नेहमीचा संवाद थांबतो, असं याचं सध्याचं स्पष्टीकरण आहे. एमरी ब्राऊन आणि पॅट्रिक पर्डन यांच्या गटाचं या विषयावरचं काम जरूर वाचावं.

बोलस (एकदम दिलेला डोस) जोरात दिला, विशेषतः वयस्कर माणसाला, तर हे सगळे टप्पे ओलांडून लहर थेट सपाट होते. दोन-तीन सेकंद सरळ रेघ, मग मोठ्या लाटांचा एक झोत, परत सरळ रेघ. हे बर्स्ट सप्रेशन. पडद्यावर हे दिसलं की पुढचा डोस थांबवा. श्वासनलिकेत ट्यूब टाकायची घाई असते हे मान्य, पण ऐंशी वर्षांच्या माणसाला तरुणाएवढा बोलस द्यायची गरज नसते. लहर पाहत, थोडं थोडं देत गेलं तर किती कमी औषधात काम होतं हे स्वतः पाहून पटतं.

चौथी पायरी: पडदा वाचायचा क्रम

कच्ची लहर आधी. स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही लहर मेंदूची आहे का, की स्नायू किंवा कॉटरीची? ती जलद-बारीक आहे की संथ-उंच? मध्ये सपाट तुकडे आहेत का?

मग स्पेक्ट्रोग्राम. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग, आणि रंगावरून जोर कळतो: लालसर म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी. प्रोपोफॉलच्या चांगल्या भुलीत दोन लाल पट्टे दिसतात, एक अगदी तळाशी संथ-डेल्टाचा आणि दुसरा १० हर्ट्झच्या आसपास अल्फाचा. मधली जागा तुलनेने फिकी. सपाट तुकडे येऊ लागले की पट्ट्यांमध्ये उभ्या निळ्या भेगा पडतात. मागच्या अर्ध्या तासात काय झालं ते एका नजरेत कळतं, आणि इथेच स्पेक्ट्रोग्राम आकड्याच्या पुढे जातो.

त्यानंतर सप्रेशन रेशो. बिसमध्ये हा मागच्या ६३ सेकंदांपैकी किती टक्के वेळ लहर सपाट होती ते सांगतो. मग स्पेक्ट्रल एज, म्हणजे ज्या वेगाच्या खाली ९५ टक्के शक्ती आहे ती हद्द. मग ईएमजी (स्नायूंचा संकेत) आणि संकेताची गुणवत्ता. सगळ्यात शेवटी आकडा. बिससाठी ४० ते ६०, सेडलाइन या दुसऱ्या यंत्राच्या पीएसआय या आकड्यासाठी २५ ते ५०. दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत.

आकडा शेवटी का? एक तर तो उशिरा येतो. लहर बदलली तरी मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा हलायला पाव मिनिट ते मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सप्रेशन रेशो शून्यावरून चाळीस टक्क्यांपर्यंत चढत असताना बिसचा आकडा तिशीच्या आसपास घुटमळत राहतो. चाळीसच्या पुढे गेल्यावरच तो सरळ रेषेत खाली येतो. म्हणजे मेंदू एक तृतीयांश वेळ गप्प झालेला असताना पडद्यावर ३२ दिसू शकतं, आणि '४० च्या जरा खाली आहे, चालेल' असं म्हणून आपण पुढे जातो. लहर पाहणारा माणूस तिथे फसत नाही.

पाचवी पायरी: औषधागणिक वेगळं चित्र

आकडा काढणारं गणित बहुतांश प्रोपोफॉल आणि गॅसच्या भुलीवर बेतलेलं आहे. दुसरं औषध मिसळलं की गणित चुकतं, लहर मात्र खरं सांगत राहते.

सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन या गॅसमध्ये प्रोपोफॉलसारखाच अल्फा आणि डेल्टा दिसतो, फक्त प्रमाण वाढवलं की मधली थीटाची जागाही भरून येते आणि दोन पट्ट्यांऐवजी तळापासून अल्फापर्यंत एकच सलग रंग दिसतो.

केटामाइनबद्दल सावध राहा. ते दिल्यावर जलद बीटा-गॅमा वाढतो, अल्फा फिका पडतो आणि आकडा वर चढतो. रुग्ण हलका झाला असं वाटून प्रोपोफॉल वाढवलं तर गाढ भुलीवर आणखी भूल होते. केटामाइन दिल्याची वेळ नोंदवून ठेवा आणि त्यानंतरच्या चढाचा अर्थ त्या संदर्भातच लावा.

डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाचं उलटं. त्याच्या गुंगीत नैसर्गिक झोपेसारखी संथ लहर आणि मध्ये १२ ते १६ हर्ट्झचे छोटे स्पिंडल (लहरींचे झुबके) दिसतात. आकडा बराच खाली असतो, पण हाक मारली की रुग्ण जागा होतो. तेवढ्या आकड्यावर विसंबून एकट्या या औषधावर कोणी चीर घेऊ देऊ नये.

नायट्रस ऑक्साइडचा हिशेब आकड्यात नीट लागत नाही. फेंटानिल, रेमीफेंटानिल ही वेदनाशामक ओपिऑइड नेहमीच्या डोसात कपाळावरच्या लहरी फारशा बदलत नाहीत. त्यांचा परिणाम दिसतो तो वेदनेला मेंदू किती उसळून प्रतिसाद देतो यावर.

सहावी पायरी: दिसलं त्यावर काय करायचं

इथे थोडं थांबून लिहितो, कारण मॉनिटर लावूनही निर्णय न बदलणारे बरेच जण असतात.

समजा लहर एकदम जलद आणि बारीक झाली, अल्फा विरला, आकडा सत्तरीकडे निघाला. प्रोपोफॉल चालू असेल तर हात आधी पंपाच्या बटणाकडे न नेता नजर सुईकडे न्या. हात झाकलेला असेल तर कापड बाजूला करा. सूज आहे का? नळी कुठे निसटली आहे का, तीन तोंडांची चावी बंद राहिली आहे का, सिरिंज रिकामी झाली आहे का? गॅस असेल तर व्हेपोरायझरमधलं (भुलीच्या द्रवाची वाफ करणाऱ्या यंत्रातलं) द्रव आणि श्वासातलं प्रमाण पाहा. हे सगळं ठीक असेल तर या क्षणी सर्जन काय करत आहेत ते बघा. चीर, हाड कापणं, पोटातला रिट्रॅक्टर ओढणं यातलं काही चालू असेल तर वेदनाशामक कमी पडत आहे का, हा विचार आधी आणि भूल वाढवायचा नंतर. सगळं तपासूनही शंका असेल तर भूल वाढवा. शंकेचा फायदा नेहमी रुग्णालाच द्यायचा.

वेदनेचा प्रतिसाद दर वेळी 'जलद लहर' असाच येत नाही. कधी नुसता अल्फा विझतो. कधी उलट, अचानक उंच डेल्टा लाटा उसळतात आणि आकडा खाली जातो. चिरेनंतर लगेच आकडा पडला, नाडी आणि प्रेशर मात्र चढलं, तर ते भूल खोल झाल्याचं लक्षण नाही. तिथे ओपिऑइड द्या किंवा ब्लॉकचा (नस बधिर करण्याचा) परिणाम तपासा, गॅस कमी करू नका. आकड्याकडे पाहणारा नेमका उलटा निर्णय घेतो तो इथेच.

आता दुसरी बाजू. लहर सपाट होऊ लागली, सप्रेशन रेशो चढतोय. औषध नुकतंच वाढवलेलं असेल तर कमी करा आणि पाच-दहा मिनिटं वाट पाहा. औषधाला हातच लावलेला नसेल तर प्रश्न मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा आहे असं धरून चला. प्रेशर किती? कार्बन डायऑक्साइड फार खाली गेलाय का? मान वळवली आहे का? रक्त किती गेलं? साखर किती? तापमान किती? कॅरोटिडवर (मानेतल्या रोहिणीवर) क्लॅम्प लावल्यावर किंवा बायपासवर (हृदय-फुप्फुस यंत्रावर) असताना एका बाजूची लहर अचानक खुरटली तर सर्जनना त्याच क्षणी सांगा. बाकी सगळे आकडे ठीक असताना मेंदूची ही तक्रार दुसरं कोणतंही यंत्र इतक्या लवकर सांगत नाही.

प्रेशर पडलेलं आणि लहर गाढ भुलीची, तर भूल कमी करायला जागा आहे. प्रेशर पडलेलं पण लहर योग्य किंवा हलकी, तर भूल कमी करू नका. व्हॅसोप्रेसर (प्रेशर वाढवणारं औषध), द्रव, रक्त यांनी प्रेशर सांभाळा. फक्त एवढा फरक करता आला तरी पट्टी वसूल झाली असं मी म्हणेन.

वय

चाळिशीनंतर दर दशकाला गॅसची गरज साधारण ६ टक्क्यांनी कमी होते. म्हाताऱ्या माणसाच्या लहरींची उंची कमी असते आणि अल्फा फिका असतो, त्यामुळे तरुणाच्या भुलीत दिसतो तसा झळझळीत लाल पट्टा शोधत बसू नका. लहर बुटकी असल्याने गाढ भुलीतही आकडा फसवा वर राहू शकतो. थोड्याच औषधात सपाट तुकडे दिसले तर तो नाजूक मेंदूचा इशारा समजा.

लहान मुलांचं वेगळं शास्त्र आहे. पहिल्या काही महिन्यांत कपाळावर अल्फा नसतोच, फक्त संथ-डेल्टा दिसतो. चार महिन्यांच्या आसपास थीटा-अल्फा उगवू लागतात. एक वर्षाच्या आतल्या बाळात मोठ्यांसाठी बनवलेल्या आकड्याला अर्थ नाही. तिथे फक्त कच्ची लहर पाहायची: सपाट तुकडे आहेत की नाहीत, एवढंच.

आकडा खोटा पडतो तेव्हा

कपाळाचा स्नायू ताणला की त्याचे जलद संकेत मेंदूचे म्हणून मोजले जातात आणि आकडा वर जातो. ईएमजीचा पट्टा उंच असेल तर आकड्यावर विश्वास कमी ठेवा. याची उलट बाजू जास्त गंभीर आहे. पूर्ण शुद्धीत असलेल्या स्वयंसेवकांना भुलीचं औषध न देता फक्त मसल रिलॅक्संट देऊन २००३ आणि २०१५ मध्ये प्रयोग झाले. माणसं जागी होती, तरी बिसचा आकडा भुलीच्या पट्ट्यापर्यंत खाली आला. स्नायूंचा संकेत गेल्याबरोबर यंत्राला ती झोप वाटली. रिलॅक्संट दिलेल्या रुग्णात आकडा ५५ आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. खाली संथ लाट आणि वर अल्फा, हे डोळ्यांनी पाहा.

कॉटरी चालू असताना आकडा गोठतो किंवा भरकटतो. पेसमेकरचे टोले, बुटक्या लहरीत घुसलेला ईसीजी हेही नियमित अंतराने येणारे टोकदार संकेत म्हणून ओळखता येतात. सपाट मेंदूवर ईसीजी चढला की यंत्राला ती लहर वाटते आणि सप्रेशन रेशो खोटा कमी दिसतो.

उठवताना

औषध बंद केल्यावर स्पेक्ट्रोग्रामवर सुंदर बदल दिसतो. अल्फाचा पट्टा हळूहळू वर सरकतो, १० वरून १५, २० कडे, आणि तळाचा संथ पट्टा विरत जातो. दोघांमधलं अंतर चेन उघडल्यासारखं रुंदावतं. हे दिसू लागलं की खोलीतला आवाज कमी करा आणि रिलॅक्संट उतरल्याची खात्री करा: ट्रेन ऑफ फोर या स्नायूंच्या चाचणीचा रेशो ०.९ झाला पाहिजे. मेंदू जागा आणि शरीर लुळं ही स्थिती रुग्णासाठी भयंकर असते. काही जण मात्र संथ लहरींतून सावकाश बाहेर येतात, विशेषतः ओपिऑइड जास्त असेल तर. त्यांना घाईने हलवू नका.

अभ्यास काय सांगतात

जागेपणा टाळण्याबाबत २००४ च्या 'बी-अवेअर' अभ्यासात, जास्त धोका असलेल्या २,४६३ रुग्णांपैकी बिस गटात २ आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात ११ जणांना जाग आल्याचं आढळलं. पण २००८ आणि २०११ च्या मोठ्या अभ्यासांत बिसची तुलना श्वासातल्या गॅसच्या अलार्मशी केली, तेव्हा बिस सरस ठरलं नाही. अर्थ सरळ आहे: गॅस देत असाल आणि वयानुसार मोजलेला मॅक (गॅसच्या प्रमाणाचं माप) ०.७ च्या खाली जाऊ देत नसाल, तर जागेपणाविरुद्ध बरंच संरक्षण मिळतं. शिरेतल्या भुलीत ते संरक्षण नाही.

ऑपरेशननंतरच्या डिलिरियमबद्दल (भ्रमाबद्दल) चित्र मिश्र आहे. २०१९ चा 'एंगेजेस' अभ्यास १,२३२ वयस्कर रुग्णांवर झाला. लहरी पाहून सपाट तुकडे टाळलेल्या गटात डिलिरियम २६ टक्के, दुसऱ्या गटात २३ टक्के. फायदा दिसला नाही. कॅनडात हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर हाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले आणि दोन्ही गट १८ टक्क्यांवर बरोबरीत राहिले. 'बॅलन्स्ड' अभ्यासात ६,६४४ जणांत आकडा ५० की ३५ यावरून वर्षभरातल्या मृत्यूंत फरक पडला नाही, पण त्याच्याच एका उपगटात हलक्या भुलीत डिलिरियम १९ टक्के आणि गाढ भुलीत २८ टक्के होतं. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांना 'पट्टी लावली म्हणजे भ्रम होणार नाही' असं वचन देऊ नये. औषध कमी लागतं, उठणं सुरळीत होतं आणि अडचण आधी कळते, एवढं मात्र सांगता येतं.

नोंद आणि दुसऱ्या दिवशीचे प्रश्न

भुलीच्या तक्त्यात आकड्याबरोबर लहरीचं एक वाक्य लिहा: 'संथ-अल्फा, सप्रेशन नाही' किंवा 'इंडक्शननंतर (भूल चढवल्यावर) चार मिनिटं सप्रेशन, प्रोपोफॉल कमी केलं'. सुरुवातीला एकाच औषधाच्या, गुंतागुंत नसलेल्या केसेस निवडा. आकड्यावर कागदाचा तुकडा चिकटवून लहर पाहून अंदाज लिहा आणि मग ताडून बघा. नजर अशीच तयार होते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन रुग्णाला विचारा. झोप लागण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? उठल्यावरचं पहिलं काय आठवतं? मधलं काही आठवतं का? स्वप्न पडलं होतं का? ऑपरेशनमधली सगळ्यात नकोशी गोष्ट कोणती वाटली? हेच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा विचारा, कारण काहींना आठवण उशिरा येते. कोणी 'मला आवाज ऐकू येत होते' असं म्हणालं तर त्याला खोडून काढू नका, 'स्वप्न असेल' म्हणून विषय बंद करू नका. शांतपणे ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, वरिष्ठांना सोबत घेऊन पुन्हा भेटा, त्या वेळेचा लहरींचा आलेख काढून पाहा आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीची सोय डिस्चार्जआधी करून द्या. पुढच्या कोणत्याही भुलीआधी हे सांगायचं, असं त्याच्या कागदांवर ठळक लिहून द्या.